सगळ्या जनरेटरांची सगळी कागदपत्रं

श्वास घेताना केयाच्या छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज यायचा, आणि घरात कुठंही असली तरी सुलेखाला तो ऐकू यायचा. मिक्सर चालू असतानासुद्धा. लेकीला विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॉम, आयम फाइन!" पण आधी दप्तरात असणारा इनहेलर आता उशाशी आला होता.

सुलेखा नागपूरची, वनस्पतिशास्त्र शिकलेली. लग्नानंतर अमेरिकेत हर्नडनला आली, काही वर्षं घरी बसली, मग कामाची परवानगी मिळाल्यावर शाळेच्या लायब्ररीत लागली. ग्रीन कार्डची रांग मात्र संपेना. रांगेतल्या माणसानं आवाज करायचा नसतो, हे तिच्या अंगात मुरलं होतं. म्हणून घरामागं डेटा सेंटर उभं राहिलं, कुंपणापलीकडं डिझेल जनरेटर ओळीनं बसले, तरी ती गप्पच राहिली.

गप्प बसले नाहीत ते तिचे सासरे दिगंबरराव. सहा महिन्यांसाठी आलेले. गावाकडं माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकून टाकून त्यांनी नगरपालिकेला घाम फोडला होता.

"सगळं मागायचं, सुलेखा. थोडं मागितलं की नेमकं तेवढंच देत नाहीत."

"बाबा, इथं चालतं का असं?"

"सरकारी ऑफिस आहे ना? मग चालतं. नाव तुझं घाल, मी पाहुणा."

केयाच्या श्वासात काय जातंय ते कळावं, म्हणून तिनं राज्याच्या पर्यावरण खात्याला ईमेल टाइप केला: परिसरातल्या सगळ्या जनरेटरांची, सगळ्या वर्षांची, सगळी कागदपत्रं. उत्तर येईना, तेव्हा गावच्या सवयीनं तोच अर्ज पुन्हा. आणि पुन्हा.

मग उत्तर आलं. मागणी 'अनरीझनेबल' असल्यानं नाकारण्यात येत आहे. त्या शब्दापाशीच तिनं वाचणं थांबवलं. आपल्या नावापुढं कुणीतरी फुली मारली असणार. उद्या ग्रीन कार्डच्या मुलाखतीत हेच काढलं तर?

"डिलीट कर यार तो ईमेल," नवरा सत्यजित म्हणाला.

"नाकारलं म्हणजे घाबरलेत!" सासरे खुशीत. "आता अपील."

"घाबरलेय मी, बाबा!"

सासऱ्यांपुढं तिचा आवाज कधी चढला नव्हता. तशीच ती मागच्या अंगणात गेली. सोसायटीचा नियम धाब्यावर बसवून दिगंबररावांनी कुंपणावर लेंगे वाळत टाकले होते. शेजाऱ्यांनी पाहायच्या आत ते काढावेत म्हणून तिनं हात घातला, तर पांढऱ्या कापडावर बारीक काळे ठिपके. गेल्या गुरुवारीही असेच होते. कुठं टेकून बसलात, म्हणून तिनं त्यांनाच बोल लावले होते. आज गुरुवारच. दुपारभर पलीकडं जनरेटरांची घरघर चालली होती. आणि गेल्या गुरुवारीच केयाला धाप लागली म्हणून जवळच्याच शाळेतून लवकर आणावं लागलं होतं.

आत येऊन तिनं ईमेल पुन्हा उघडला. भीतीपोटी खालचा भाग वाचलाच नव्हता. नेमकी कोणती माहिती, कोणत्या काळातली, हे कळवल्यास मदत करू. खाली नाव, फोन नंबर.

"बाबा, गुरुवारी ते डेटा सेंटरवाले काय चालवतात आणि किती वेळ, एवढंच हवंय आपल्याला."

"एवढंच? मग बाकीचं दडपतील."

"दडपू देत."

आतल्या खोलीतून शीळ ऐकू आली. ऑफिस बंद व्हायला अजून वेळ होता. नाव सांगावं लागणार, एकेक अक्षर फोडून. तरी तिनं फोन उचलला.