मायनं अडवलेली रेकॉर्ड

भूतबित, संकेतबिंकेत यावर माझा कधीच विश्वास नव्हता. मी मोटार वायंडिंग करणारा माणूस... बिघाड असला की कुठेतरी तार तुटलेली असते, एवढंच मला कळतं. तेव्हा हे वाचून हसलात तरी चालेल, मीही हसलोच असतो.

आम्ही बिरसीला राहतो. मागच्या वर्षी मायला लकवा मारला आणि तिची वाचा गेली. मला ‘बापू’ म्हणणारी ती एकटीच. ती हाक पुन्हा ऐकायला मिळावी, एवढंच मला हवं होतं.

जुन्या रेकॉर्डी जमवायचा मला नाद आहे. कोहमाऱ्याच्या एका भंगारवाल्याकडे दोन रेकॉर्डींचा संच मिळाला. चर्चमधली लॅटिन प्रार्थना, भलामोठा कोरस, दोनेकशे वर्षांपूर्वीची रचना. दुपारी जेवणं झाल्यावर लावला. माय खाटेवर पडून होती. पहिली बाजू संपली, मी रेकॉर्ड उलटली, सुई टेकवली...

“हे नाही होय. याच्या पहिले दुसरं आहे.”

माय बोलली होती. बायको भांडी टाकून धावत आली. माय वर बघत एक चाल गुणगुणत होती — घाईची, चढत जाणारी, मध्येच थबकणारी.

मी लेबल पाहिलं. पाठीवर दुसरा नाही, चौथा भाग होता. पूर्वी रेकॉर्डी एकावर एक रचत, एक संपली की पुढची आपोआप खाली पडे; म्हणून काही संचांत दुसरा भाग दुसऱ्या रेकॉर्डीवर छापत. हे माहीत असूनही मी चुकलो होतो. दुसरी रेकॉर्ड लावली... सुरुवातीलाच मायची चाल. तीच घाई, तिथेच थबकणं.

“मायनं कधी आयकलं असन,” बायको म्हणाली.

“कुठी? लहानपनी चिचगडच्या जंगलात मोहफुलं येचता येचता?”

“मंग तुमीच सांगा.”

मी मायच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर म्हणाले, वाचा गेली तरी अशा आजारात कधी एखादं वाक्य निघून जातं, गाणं तर टिकतंच. मान्य. पण जे कधी ऐकलंच नाही, ते टिकेल कसं? मायलाच विचारलं, “माय वं, कुठी आयकलं?” त्यानंतर एक शब्द नाही.

खरं सांगतो, मला रागच आला. इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं, ते कुणा परक्यांच्या गाण्यातली चूक काढायला.

आता रोज दुपारी तोच संच लावतो. पहिली बाजू संपली की मुद्दाम चुकीचा भाग लावतो... आणि खाटेकडे बघत बसतो.