बाबांनी सारवलेलं रिंगण

घोड्याला घाबरणारा माझा बाप काल सकाळी गेला.

अंगणात चहा पिता पिता. कप अर्धा राहिला.

तुमच्यापैकी बरेच जण कुणकेश्वरजवळच्या आमच्या रायडिंग स्कूलला येऊन गेलात. मागच्या कोपऱ्यात नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, कुटत बसलेला टोपीवाला माणूस आठवतोय? तेच बाबा.

पुण्यात घोडेस्वारी शिकून, नोकरी सोडून मी गावी आले तेव्हा एवढंच म्हणाले, "हंय लोक आंब्याक येतत गो. घोड्याक कोण येतलो?"

तरी घरामागचा भाताचा सपाट कुणगा मला देऊन टाकला.

जागेत एकच रिंगण बसत होतं. आणि घोड्याच्या प्रत्येक खेळाला जमीन वेगळी लागते. ड्रेसाजला, म्हणजे घोड्याच्या तालबद्ध चालींना, जरा घट्ट, पाऊल नेमकं पडावं म्हणून. जम्पिंगला मऊ, उडी मारून उतरताना पायांना हादरा बसू नये म्हणून. लहान मुलं शिकणार म्हणजे पडणार, त्यांना खडा नको.

समुद्राची वाळू हाताशी, पण तिचे दाणे गोल, टापेखालून पळतात. शेवटी खाली जांभ्याची खडी आणि वर नदीची वाळू असं केलं. सगळं पसरून मी पुण्याला गेले, अबोलीला आणायला. अबोली म्हणजे माझी तांबूस घोडी.

परत आले तर वाळू गायब!

सगळी कडेला ढीग करून ठेवलेली. रिंगणभर माती टाकून, चोपून, शेणाने लख्ख सारवलेलं. भात झोडायला खळं करतात ना, अगदी तसं. फाटकाशी रांगोळी.

कमरेला पंचा गुंडाळून बाबा उभे. इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल.

"बाबा, ह्या काय केलास?"

"घरात नवीन जीव येतलो. सारवक नको?"

अबोलीने पाऊल टाकलं आणि तिचे मागचे पाय सर्रकन घसरले. जवळजवळ बसलीच ती. मी किंचाळले.

बाबा पांढरेफटक पडले. घोड्यापासून दहा हात लांब राहणारा माणूस धावत आला, पायाला हात लावून विचारायला लागला, "लागला काय गो तुका?"

घोडीला. मला नाही. 🙂

मग दोघांनी मिळून सगळं उकरलं. बाबा पुटपुटत होते, "माणसाक चलाक घट्ट व्हयी, हिका भुसभुशीत. सगळा उलटाच."

त्या दिवसापासून रिंगण बाबांचं झालं.

सोडणं कुटून काथ्या काढायचा, वाळूत मिसळायचा, उड्यांच्या बाजूला थोडा जास्त. उन्हाळ्यात पाणी मारायचं. संध्याकाळी चिखलणीची लाकडी फळी दोरीने ओढत सगळी वाळू सारखी करायची. माणूस ठेवूया म्हटलं की राग यायचा.

आणि माझी राइड संपली की रोज तोच प्रश्न. "पायाक लागता काय गो तिच्या?"

"लागणा नाय, बाबा."

अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले तेव्हाही भांडले. "अबोली दारात येता. लादयेर घसरतली." म्हणून आमचं अंगण मातीचंच राहिलं.

काल काकी रडत रडत म्हणाली, "तेंका भुईर घेवचा आसा. थोडी जागा सारव गो."

घरभर टाइल्स. सारवता येईल अशी जमीन फक्त त्या अंगणातली. घोडीसाठी राखलेली.

मी सारवली. बाबांसारखं जमलं नाही, हाताचे वळ वेडेवाकडे उमटले. त्यावरच त्यांना निजवलं.

आज सकाळी रिंगणात गेले. परवा संध्याकाळी त्यांनी ओढलेल्या फळीच्या रेघा वाळूवर तशाच आहेत. कडेने त्यांची अनवाणी पावलं.

अबोली फाटकाशी उभी होती. तिला फिरवायला हवं होतं, नाहीतर पाय आखडतात. मला त्या वाळूवर पाऊल टाकवेना. खूप रडले.

मग घेतली तिला रिंगणात.

तुमच्या पावलांवरूनच गेली हो, बाबा. हळू गेली. आज फळी मी ओढेन.

पायाक लागणा नाय तिच्या.

सावकाश जावा.