न दिसणाऱ्या उजेडाची राखण

दसऱ्याच्या त्या सकाळी मी कांप दे मास्क या आमच्या गावातल्या घराच्या परसातली झेंडूची फुले तोडली, ओल्या फडक्यात बांधली आणि बसने कामावर नेली. आमच्या व्हिडिओ केंद्रात दसऱ्याला यंत्रांची पूजा होई. ही प्रथा आदरणीय भिकाजीदादांनी सुरू केली होती. सत्तरच्या दशकात मी तिथे केबली गुंडाळायला लागलो, तेव्हा "कुणाचा रे तू? घरी मराठी बोलता, की विसरलात?" एवढे विचारून त्यांनी मला जवळ केले. आज दादा साठ वर्षांचे होत आहेत. त्यांच्याविषयी लिहायचे तर मला त्याच सकाळकडे वळावे लागते.

त्या वर्षी फायबरचे यंत्र नवीनच आले होते. कॅमेऱ्याचे चित्र केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून उजेड होऊन जाते, याचे आम्हांला मोठे अप्रूप. यंत्र चालू होते. कुंकू लावायचे म्हणून आमचे सहकारी लक्ष्मण यांनी उजेड बाहेर पडतो त्या तोंडाचे टोपण काढले आणि हात जोडून ते वाकले.

"थांबा, आधी दर्शन घेऊ द्या!" लक्ष्मण म्हणाले.

"पा गेत लादान!" आत पाहू नको, असे आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीत ओरडत दादांनी त्यांना खांद्याला धरून मागे खेचले. वीज बंद केली, टोपण लावले.

"पण दादा, काहीच दिसत नव्हतं," लक्ष्मण म्हणाले.

"तोच तर घात! दिसला असता तर डोळा आपोआप मिटला असता. हा लेसर गुपचूप डोळा जाळू शकतो."

"मग न दिसणाऱ्याची पूजा करायची कशी?"

"देवळात इतकी वर्षं काय करतोस रे?"

सगळे हसले. दादांनी कुंकू यंत्राच्या पेटीच्या माथ्यावर लावले. "इथं. तोंडाजवळ नको. एक कण काचेवर बसला तरी चित्र बिघडेल."

पुढे त्यांची रीत आमच्या अंगवळणी पडली. आधी वीज बंद. मग धाग्याचे टोक स्वच्छ कापडाने पुसायचे, खाच जुळवून सरळ बसवायचे, धागा कुठेही मुडपायचा नाही. रिकाम्या तोंडावर टोपण हवेच. उजेड येतो की नाही ते मीटरने पाहायचे, डोळ्याने कधीही नाही.

यंत्राचे पुस्तक फ्रेंचमध्ये होते आणि मी गावच्या शाळेत जेमतेम शिकलेला. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून दादा मला एकेक पान मराठीत सांगत. कितीदा त्यांची भाजी गार झाली! त्यांनी कधी उपकार म्हणून बोलून दाखवले नाही.

निवृत्तीच्या आधी दादांनी मला सांगितले, "नवीन लोकांना हे आता तू शिकव. कुणाचा डोळा जायला नको." मी महिनोन्महिने टाळले. साहेबांसमोर फ्रेंच बोलताना माझी जीभ अडखळते, म्हणालो. ते म्हणाले, "ज्या शब्दांत तू शिकलास त्याच शब्दांत शिकव."

दादांना उदंड आयुष्य लाभो, त्यांची दृष्टी अशीच स्वच्छ राहो, हे देवाजवळ मागणे आहे. त्यांना द्यायला माझ्याकडे शाल नाही, एक बातमी आहे. गेल्या सोमवारी नवीन लोकांसमोर मी उभा राहिलो, यंत्राची वीज बंद केली, आणि पहिले शब्द उच्चारले ते दादांचेच: पा गेत लादान.