वेव्ह फाइलमधला हुंकार

भूतबीत म्हटलं की मी खो खो हसणाऱ्यांतला. आजही कोणी याला भूत म्हणालं तर चिडेनच... फक्त ही एक फाइल तेवढी मला समजावून द्या.

आम्ही नागपूरचे, जरीपटक्यात राहतो. आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं – आवाज राहणार नाही. तो जाण्याआधी तिची एक तरी गोष्ट मला जपून ठेवायची होती. लग्नांचे व्हिडिओ काढणारा माझा मित्र विजू, त्याने रेकॉर्डर दिला. म्हणाला, "वेव्ह फाइलमध्येच ठेव बे. जागा लय खाते, शांततेलेही बोलण्याइतकीच जागा लागते, पण काहीच कापल्या जात नाही. अन् तू मधात तोंड उघडू नको!"

भर दुपारी कूलर बंद करून, घाम पुसत आम्ही दोघंच बसलो. आईने कोल्ह्याची गोष्ट सुरू केली आणि दोन वाक्यांत थांबली.

"हुंकार काहून नाही देऊन राहिला गा? हुंकाराबिगर गोष्ट कशी सांगू?"

मी ओठांवर बोट ठेवून माइक दाखवला. तिने रुसून तोंड फिरवलं. मग थोड्या वेळाने आपणहून बोलायला लागली, ती थेट शेवटपर्यंत.

ऑपरेशन होऊन आई घरी आली, तेव्हा मी फाइल ऐकली. गोष्ट सांगताना आई जिथे जिथे थांबली, तिथे अगदी हळू... "हं."

विजूला ऐकवलं. "तूच देऊन राहिला ना बे!"

मी नाही! बहिणीला पाठवायला एमपीथ्री केली, तर तीत हुंकार गायब. विजू म्हणाला, "बरोबर आहे. माणसाच्या कानाले जे ऐकूच येत नाही, ते एमपीथ्री काढून टाकते."

"मग आपण दोघांनी ऐकलं ते काय?"

विजूने हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

शेवटी आईला हेडफोन लावून दिले. ती दर हुंकाराला मान डोलवत होती.

"आई, हा हुंकार कोणाचा वं?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "मी नाही दिला," म्हटलं तर तिचा चेहराच उतरला. आपण भिंतीशी बोलत होतो, असं वाटलं असेल तिला. मी घाईघाईने म्हणालो, "हो वं आई, मीच तो." तेव्हा कुठे ती हसली.

खोटं बोललो. खरं काय, ते मला आजही माहीत नाही. तो आवाज माझा नाही, एवढं नक्की... पण तो नसता तर आईची शेवटची गोष्ट दोन वाक्यांतच राहिली असती.