अकरा दिवसांच्या बाळानंतर

बाळ गेलं त्यानंतर वर्षभर मी देवाला मनापासून हात जोडले नाहीत. देवघर पुसायचे, फुलं वाहायचे, पण भांडी घासावीत तसं. नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर मला दिवस राहिले. मुलगा झाला आणि अकराव्या दिवशी तापाने गेला. मी खाटेवर पडून होते. माझे यजमान आणि धाकटे दीर दत्तू त्याला घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. इतक्या लहान जिवाला पुरतात, आईला तिथे नेत नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. पण कुठे पुरलं, ते मला कोणीच सांगितलं नाही.

"कुठे ठेवलंत त्याला?" मी ह्यांना विचारलं. हे मान फिरवून म्हणाले, "ते विचारू नकोस." आठ दिवसांनी पुन्हा विचारलं, महिन्याने पुन्हा. उत्तर नाही. जळगावात आमच्या दोनच खोल्या होत्या. हे डाळमिलमध्ये कामाला. भुवयांवर पिवळी धूळ घेऊन घरी यायचे, अंघोळ करायचे, भिंतीकडे तोंड करून जेवायचे आणि झोपायचे. बायका म्हणायच्या, दुसरं होईल, विसरशील. पण ह्यांचा हात लागला तरी माझं अंग आकसायचं. या माणसाला काळीजच नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि ज्या देवाने असा माणूस दिला, त्याच्याशी बोलायचं तरी काय?

माघ महिन्यातल्या एका सकाळी मी पुन्हा तेच विचारलं. हे शर्टाची बटणं लावत होते. एकदम म्हणाले, "किती दिवस उकरत बसणार आहेस?" तो शब्द तोंडातून गेला आणि ह्यांचाच चेहरा पडला. उरलेली बटणं न लावताच कामावर गेले. मी चार साड्या पिशवीत भरल्या, किल्ली शेजारच्या वहिनींकडे दिली आणि धुळ्याच्या बसमध्ये जाऊन बसले. धुळ्याला माझी आई होती. परत यायचं नाही, हे ठरलेलं होतं.

एरंडोलला एक म्हातारी बसमध्ये चढली. नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं गोंदण, कडेवर सात-आठ महिन्यांचा नातू. मुलगा आणि सून गर्दीत मागेच अडकले. ती माझ्या शेजारी टेकली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "जरासा धर व माय याले. मना हात भरी उनात." पोराला धरून तिचे हात भरून आले होते.

मी म्हटलं, "नको आजी, मला सवय नाही."

पण तोवर तिने त्याला माझ्या मांडीवर ठेवलंही होतं. वर्षभरात मी एकाही बाळाला शिवले नव्हते. कोणाच्या बारशाला गेले नव्हते. ते ऊन ऊन ओझं मांडीवर आलं, त्याच्या टाळूचा वास आला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी. म्हातारीने काही विचारलं नाही. बाळालाही परत घेतलं नाही. पारोळा मागे पडल्यावर हळूच म्हणाली, "कितला दिनना व्हता?"

तिला कसं कळलं, मला माहीत नाही. कदाचित कुठल्याही बाईला कळलं असतं. मी म्हटलं, "अकरा दिवसांचा." आणि जे आईलाही कधी सांगितलं नव्हतं, ते सगळं त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. नवरा कसा सांगत नाही, कसा भिंतीकडे बघत जेवतो, सगळं.

तिने नातवाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मना बी दोन गयात व माय. मालक त्यास्ले कथा ठी उना, मी जलमभर हाईच इचारत ऱ्हायनू. तो बिचारा एकलाच गया व्हता, हाई मना ध्यानमा तो मरना तवय उनं." पुढे म्हणाली, "बाई रडस तं चार जनी गोया व्हतस. गडी मानूस कथा जाई रडाले?"

तिचीही दोन मुलं गेली होती; नवरा त्यांना कुठे ठेवून आला हेच ती जन्मभर विचारत राहिली, आणि तो बिचारा एकटाच गेला होता हे तिला तो गेल्यावर उमगलं. कुठे, कुठे, असं वर्षभर मीही विचारत होते. त्याला हातात घेऊन ते पाऊल ह्यांनी कसं उचललं असेल, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

ती मंडळी देवपूरला एकवीरा देवीकडे नातवाचं जाऊळ काढायला चालली होती. धुळ्याला उतरल्यावर म्हातारी म्हणाली, "तू बी चाल." आईकडे जायचं सोडून मी त्यांच्यामागून निघाले. देवळाबाहेर न्हाव्याने वस्तरा लावताच पोराने असं भोकाड पसरलं की सगळे हसू लागले. मी एकटी आत गेले. देवीला जाब विचारायचा, असं मनात होतं. पण त्या शेंदरी मुखासमोर उभी राहिले आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "बाई, माझेही हात भरून आलेत. आता तू धर." फूल पडलं नाही, घंटा वाजली नाही. वर्षभर छातीत अडकलेला श्वास मात्र पूर्ण आत गेला.

बाहेर आले तर म्हातारीने पानावर शिरा ठेवून दिला. "आते कथा जाशी?" तिने विचारलं.

"घरी," मी म्हटलं. आणि माझं मलाच नवल वाटलं, कारण मनात आलं ते जळगाव होतं. तिचं नाव, गाव विचारायचं राहूनच गेलं.

दिवेलागणीला घरी पोचले. हे मिलच्या कपड्यांतच उंबऱ्यावर बसले होते. किल्ली हातात होती, पण दार उघडलं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली, शेजारी बसले आणि विचारलं, "त्या दिवशी तुम्ही एकटेच होतात का हो तिथे?"

ह्यांनी हातातली किल्ली उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाले, "दत्तू वर रस्त्यावरच थांबला. त्याच्याने बघवेना. खड्डा मीच खणला." मान खाली घालून हे पुढे म्हणाले, "गार लागेल म्हणून माझा स्वेटर गुंडाळला त्याला. गिरणेच्या काठी, बाभळींजवळ. तुला सांगितलं असतं तर तू रोज तिथे जाऊन बसली असतीस."

"मग?"

"मी बसतो ना जाऊन. एकाला तरी घर सांभाळायला हवं."

पुढच्या रविवारी ह्यांनी मला सायकलवर डबलसीट नेलं. काठावर एकावर एक रचलेले तीन धोंडे होते. ह्यांनी माझा हात धरून त्यांवर ठेवला आणि तिथेच खाली बसून लहान मुलासारखे मोठ्याने रडले. मी त्यांचं डोकं छातीशी धरलं. लग्नानंतर इतकं जवळ मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा घेतलं.

आम्हाला पुढे मूल झालं नाही. भांडणंही थांबली नाहीत, संसार म्हटला की ती असायचीच. लोक म्हणतात, ती म्हातारी म्हणजे देवीच होती. मी त्यावर हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तिच्या हातांना कळ लागली होती आणि तिने आपलं ओझं माझ्याकडे दिलं, एवढं खरं. सोपवणं म्हणजे हरणं असं मला वाटायचं. तसं नाही, हे मी त्या बसमध्ये शिकले.

काही वर्षांनी गिरणेला मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर हे बघायला गेले. परत आले ते पायातल्या चपला न काढताच दारातून म्हणाले, "अगं, आपले धोंडे वाहून गेले." दुसरं कोणी हे ऐकून दुःखी झालं असतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण ह्यांनी ते, मी न विचारताच, दारातूनच मला सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, आई एकवीरे, भरून पावले.