अडीच तास लेट आलेले डॉक्टर

एकशे एकवीस किलो.

फलाट नंबर चार, विटा–सांगली, विनावाहक.

पुण्याच्या डॉक्टरांचा रस्त्याकडेचा फलक: पांढरेशुभ्र दात, शेजारी स्वतःच्या जुन्या पँटच्या एकाच पायात मावलेली बाई.

पाच वाजेपर्यंत पुण्याला सांगायचं. होय का नाही.

वाफाळलेल्या कापडाचा वास.

हा शेवटचा वास कुठून आला म्हणून वैजयंता मोहिते डोळे उघडायला जाते, तर पापण्या ऐकतच नाहीत. शनिवारची सुट्टी, नुकतंच झालेलं जेवण, डोक्यावर पंखा. वास मात्र ती ओळखते. निर्जंतुक करून गरमागरम बाहेर काढलेल्या कापडाचा वास. असा वास अंगाला येणारी एकच बाई तिला माहीत होती.

"सरक की जरा," आक्का म्हणते.

आक्का म्हणजे तिची थोरली मावशी. मिरजेत एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. जाऊन सहा वर्षं झाली. आत्ता मात्र ती विटा स्टँडच्या कंट्रोल केबिनमध्ये, वैजयंताच्याच खुर्चीवर अर्धी जागा मागतेय. दोघी काही त्या खुर्चीत मावत नाहीत.

"मेले तरी वजन उतरलं नाही बघ माझं," आक्का म्हणते.

"आक्का, अगं, माझं उतरणार आहे! ऑपरेशन करून घेतेय मी. पोटच लहान करणार. साखर आटोक्यात येईल, गुडघे सुटतील. पन्हाळा चालत चढणार आहे मी, पायथ्यापासून!"

"चढशील की. पण कापणार कोण?"

वैजयंता हसत माइक ओढते. सोळा वर्षं एसटीत कंट्रोलर आहे ती, आवाज आपसूक लागतो. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. पुण्याहून येणारे डॉक्टर फलाट नंबर एकवर वेळेवर येत आहेत. सांगलीहून येणारे डॉक्टर बागवान अडीच तास उशिराने धावत आहेत."

फलाट एकवर एक डॉक्टर उतरतातही. इस्त्रीचा कोट, तेच दात.

"बघितलंस?" वैजयंता म्हणते. "अकराची वेळ दिली, अकराला आत. कॉफी दिली. म्हणाले, मॅडम, काही म्हणजे काही होत नाही, गुरुवारी या, शनिवारी घरी. आणि ते बागवान! अडीच तास बसवून ठेवलं. आल्यावर हसलेसुद्धा नाहीत. म्हणे आधी पाच किलो उतरवून दाखवा, आहाराच्या बाईंना भेटा, मग चारसहा महिन्यांनी बघू. लेट गाडी कळते गं मला."

"लेट गाडीचं कारण विचारतेस का नाही?"

"विचारावंच लागतं. रजिस्टरला लिहावं लागतं."

"मग बागवानांचं काय लिहिलंस?"

वैजयंता रजिस्टर उघडते. वेळेच्या रकान्यात तिचंच टपोरं अक्षर: दोन तास तीस मिनिटं. पुढं कारणाचा रकाना. कोरा.

फरशी हिरवी आहे. स्टँडचा भोंगा छताला लटकतोय आणि त्यातून आवाजाऐवजी उजेड पडतोय, पांढरा, गोल. बाकाचं ऑपरेशनचं टेबल झालंय. आक्काच्या हातात मोजे आहेत आणि ती रक्ताळलेले कापडाचे तुकडे चिमट्यानं उचलून मोजतेय.

"सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. सर, आत तीस गेले होते. एक कमी आहे."

टेबलाच्या दोन बाजूंना दोन सर्जन. दोघांच्या तोंडावर मास्क. एक म्हणतो, "सिस्टर, मोजायला चुकला असाल. पोट शिवायला घेतो, सुई द्या." दुसरा टेबलावरचे हात उचलून छातीशी धरतो आणि उभा राहतो. "शोधू," म्हणतो.

"बघून ठेव वैजे," आक्का मोजता मोजता म्हणते. "कापताना सगळेच हुशार दिसतात. कापड एक कमी भरलं की कोण थांबतो, ते बघायचं. मी एकतीस वर्षं माणूस असाच ओळखला."

"यातले बागवान कुठले?"

"मला काय ठाऊक? मेलीय मी, ज्योतिषी झालेली नाही."

वैजयंताला इतकं हसू येतं, की टेबल हलतं. टेबलावर तीच झोपलेली आहे.

"मग मी ओळखू कसं?"

"विचार. तुमच्याकडं काय बिघडलं होतं आणि मग तुम्ही काय केलं, एवढंच विचार. काहीच बिघडत नाही म्हणेल त्याच्या टेबलावर चढू नकोस. आणि तू काय स्थळ बघायला गेली होतीस, दात मोजायला?"

आता सांगलीचा दवाखाना. निळ्या खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. वैजयंता घड्याळाकडे बघतेय आणि टेबलामागची मुलगी सांगतेय. त्या दिवशीही तिनं हेच सांगितलं होतं: "सर वॉर्डात परत गेलेत. परवा ऑपरेशन केलेल्या पेशंटला ताप आलाय. बसताय का उद्या येताय?"

"ऐकलं होतंस की," आक्का म्हणते.

"ऐकलं होतं. लिहिलं नाही."

"बस. आता विसरू नकोस." आक्का तिच्या ओढणीचं टोक घेते आणि मोज्यातल्या बोटांनी गाठ मारते. पहिला वेढा दुहेरी, मग एक उलटा. "ही सर्जनची गाठ. घसरत नाही."

"आक्का, भीती वाटते गं."

"वाटू दे. न वाटणाऱ्या पेशंटची मलाच भीती वाटायची."

पंखा. पावणेचार. वैजयंता उठून बसते, आणि ओढणीच्या टोकाला गाठ आहे. पहिला वेढा दुहेरी.

ती आधी पुण्याला फोन लावते आणि तुमच्याकडं काय बिघडलं होतं, मग काय केलं, ते विचारते. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणते, "मॅडम, आमच्याकडे काही बिघडतच नाही. गुरुवारची एकच जागा उरलीय."

"डॉक्टरांशी दोन मिनिटं बोलता येईल का?"

"ऑपरेशन झाल्यावर भेटतीलच की मॅडम."

"नको," वैजयंता म्हणते, "ती जागा दुसऱ्या कुणाला द्या." पाच वाजायला अजून तासभर आहे.

मग सांगलीला. बागवान स्वतःच फोन घेतात. तोच प्रश्न ती त्यांनाही विचारते.

"किती वेळ आहे तुमच्याकडं?"

"आज सुट्टी आहे."

"मग बसा. दोन पेशंट सांगतो. पहिल्या बाईंना चौथ्या दिवशी पोटातली शिवण गळायला लागली. पोट परत उघडावं लागलं. एकवीस दिवस ठेवून घेतलं. आता बऱ्या आहेत, दर सहा महिन्यांनी येतात, मला शिव्या देतात. दुसऱ्यांचं सांगतो..."

वैजयंता ऐकते. चेहरा हसराच आहे, आणि मोकळ्या हातानं ती गाठ सोडवायला बघतेय. नखानं, मग दातानं. सुटत नाही.

"आहात ना फोनवर?" बागवान विचारतात.

"आहे, आहे. तुम्ही सांगा. ते पाच किलो उद्यापासून सुरू."

पुढच्या मार्चमध्ये, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, डॉक्टर बागवानांना तिच्या छातीत घरघर ऐकू आली आणि छाती साफ होईपर्यंत ऑपरेशन थांबवून त्यांनी तिला घरी परत पाठवलं.