सात चिठ्ठ्या

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचो, आणि नांदेडच्या कॉलेजात तीन वर्षं आमच्यातला गाणारा मित्र माझ्याच वह्या उतरवून घ्यायचा. हे आधी सांगितलेलं बरं.

आम्ही चौघे मित्र. लातूरच्या बाहेर एका माळावर शनिवार-रविवार संगीत महोत्सव होता. रविवारी सकाळी या भागातल्या नव्या गायकांना प्रत्येकी बारा मिनिटं मिळणार होती, आणि त्यांतल्या एकाला संध्याकाळी मोठ्या कलाकारांच्या आधी पुन्हा गायला बोलावणार होते. चौघांपैकी त्याचं नाव सकाळच्या यादीत लागलं होतं. नांदेडहून एसटीने निघालो तेव्हा वडिलांची बाजाची पेटी त्याने मांडीवर घेतली होती. शेजारी जागा होती, तरी खाली ठेवली नाही.

त्याचे वडील मुखेडजवळच्या खेड्यात राहत. आयुष्यभर गायन पार्टी घेऊन त्यांनी गावोगाव भीमगीतं गायली होती, कधी बैलगाडीवर उभं राहून, कधी शाळेच्या ओट्यावर. आता दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसत होतं.

"संध्याकाळचं मिळालं तर अण्णांना जीप करून आणतो," तो बसमध्ये म्हणाला. "पहिल्या रांगेत बसवतो. त्यांनी खरा मंच कधी पाहिलाच न्हाई."

शनिवारी दुपारी आम्ही मंडपाच्या कडेला भजी खात बसलो होतो. त्याच्या गळ्यात कलाकाराचा बिल्ला होता, आमच्या मनगटांना कागदी पट्ट्या. बोलता बोलता त्याने वडिलांचा नियम सांगितला. श्रोत्याची चिठ्ठी आली की गाणं थांबवायचं, ती मोठ्याने वाचायची, मग पुढे गायचं. पाटील असो की सालगडी, चिठ्ठी न वाचता खिशात घालायची नाही. तो त्या माणसाचा अपमान.

"अन् शिवी लिहून पाठवली तर?" आमच्यातल्या एकाने विचारलं.

"तरी वाचायची. अण्णांनी वाचल्यात."

"मग अवघड हाय बे तुझं," दुसरा म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला.

रविवारी तो मंचामागे गेला तेव्हा त्या दोघांनी माझ्या वहीचं पान फाडून माझ्यासमोर धरलं. "लिही मास्तर. तुझ्या अक्षरात असलं की खरं वाटतं."

मी नाही म्हणू शकलो असतो. शनिवारी दिवसभर अनोळखी लोक त्याच्या बिल्ल्याकडे बघून त्याला नमस्कार करत होते. मला आजवर कुणी कशासाठी बोलावलं नव्हतं. मी लिहिलं, आणि छान लिहिलं.

त्याने वडिलांनी रचलेलं गाणं धरलं. आवाज पहिल्याच ओळीत असा लागला की पुढच्या रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या. तेवढ्यात पहिली चिठ्ठी निवेदिकेकडून वर गेली. गाणं थांबलं.

"मुखेडच्या पाहुण्यांची फर्माईश," त्याने आनंदाने वाचलं, "आवाज जरा मोठा करावा."

थोडं हसू आलं. तोही हसला आणि पुन्हा गाऊ लागला. दुसरी गेली. "देगलूरच्या रसिकांची फर्माईश, हेच गाणं तेलुगूत म्हणावं." तिसरी उदगीरच्या आडतीवरच्या हमालांची होती, गाणं पोत्यात भरून मिळेल का अशी. आता सगळा मंडप हसत होता, पुढच्या चिठ्ठीची वाट बघत होता. त्याचा चेहरा पडला होता, तरी तो प्रत्येक वेळी भाता सोडायचा, कागद उलगडायचा, वाचायचा. चौथी. पाचवी. सहावी. माझे दोन मित्र खुर्चीत वाकून पोट धरून बसले होते. माळावरचं ऊन मंडपात आलं होतं आणि त्याचं अर्धं गाणंही झालं नव्हतं.

सातवी चिठ्ठी फक्त मला माहीत होती. तिच्यावर मी लिहिलं होतं, 'तुमच्या वडिलांची फर्माईश: बाळा, आता खाली उतर.'

ती त्याने मनात वाचली. मग घडी करून खिशात घातली आणि थेट आमच्याकडे पाहिलं. बारा मिनिटं संपल्याची घंटा झाली.

येऊन तो माझ्याशेजारी बसला. "पाणी हाय का?" एवढंच म्हणाला. मी बाटली दिली. संध्याकाळी दुसरंच कुणी गायलं. आम्ही त्याची जात काढली नव्हती, असं आम्ही तिघं शेतीवाल्यांची पोरं पुढे एकमेकांना बरेचदा सांगत राहिलो. त्याने कधी काही विचारलं नाही. वह्याही पुन्हा मागितल्या नाहीत.

आठ महिन्यांनी उसाच्या उभ्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. तो जागेवरच गेला. पुण्यानुमोदनाला आम्ही तिघं गेलो आणि मागे बसून परत आलो. महिन्याने मी एकटाच गेलो. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

अण्णांनी चहा सांगितला. मग चाचपडत पेटीचं खोकं ओढलं आणि आतून कागद काढले.

"लातूरला सात फर्माईशी आल्या त्याला," ते म्हणाले. "मला जन्मात एका बैठकीत येवढ्या आल्या न्हाईत. संध्याकाळचं हुकलं तर हुकलं. लोकांनी गाऊच दिलं न्हाई म्हणं, सारखं हे म्हण, ते म्हण. रोज वाचून दाखवायचा मला. तुमी शिकलेले, वाचा की."

मी पहिला कागद उलगडला. "मुखेडच्या पाहुण्यांची फर्माईश," मी वाचलं, आणि पुढचं मनानेच जोडलं. "आईचं गाणं म्हणावं."

"न्हाई," अण्णा म्हणाले. "त्यात विहिरीचं गाणं हाय. त्यो विहिरीचं वाचायचा."

मी कागद घडी करून खाली ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. माझ्या नावाची एक हाय बघा. कोन्या भल्या माणसानं माझं नाव घालून पाठवली. ती वाचा."

ती सगळ्यात खाली होती. तिच्या घड्या झिजल्या होत्या. मी ती उलगडली.

"अक्षर लागत नाही, अण्णा," मी म्हणालो.

"असं कसं?" ते म्हणाले. "छापल्यावानी अक्षर हाय म्हणायचा त्यो."